अश्ववैद्यक आणि उठावद्रव्ये



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठावर कोणत्या विषयांनी यावे याचे काही संकेत ठरून गेले आहेत. राजकारण, समाजकारण, वाङ्मय, अध्यात्म ही मंडळी दरवर्षी मानाने येतात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही घोडा आणून उभा करीत आहोत. त्यातही त्याच्या पराक्रमाचा पोवाडा गाणार नसून, आजारी घोड्याच्या शरीरात एक द्रव सोडून क्ष-किरणांनी त्याचे छायाचित्र घेतात, त्याची हकीकत सांगणार आहोत. हा विषय जनावरांच्या दवाखान्यातच बरा, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांनी घटकाभर धीर धरावा. प्रश्न दिसतो तेवढा परका नाही.

प्रथम आपल्या गावाचा संबंध पाहू. ठाण्याहून निघणाऱ्या एका मोठ्या रस्त्याचे नावच घोडबंदर आहे. तेथील खाडीत अरबी घोडे उतरत व त्यांचा व्यापार चाले, म्हणून ते घोडबंदर, असे परंपरेने सांगतात. पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्याला पोचली आणि १८५४ साली कल्याणला. गाडीने घोड्याचा लांबचा प्रवास काढून घेतला, पण स्टेशनापासून घरापर्यंतचा प्रवास त्याच्याकडेच राहिला. ठाण्या-कल्याणच्या स्टेशनाबाहेर उभे असलेले टांगे आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज येथील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. टांगे गेले, परंतु घोडा अजून गेलेला नाही. लग्नसराईत डोंबिवलीच्या गर्दीच्या रस्त्यांवरून नवरदेवाला घेऊन जाणारी घोडी आपण सर्वांनी पाहिली आहे. आणि कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसून नेरळला उतरले की वर माथेरान आहे. १८५० साली ते ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणणारे मॅलेटसाहेब हे ठाण्याचेच कलेक्टर होते. तेथे मोटारींना बंदी आहे. २०२२च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या काही रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या, तरी माणसे आणि ओझी वाहणारे घोडे तेथे आजही मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा आजचा रोगी आपल्या शेजारचाच आहे.

आता या रोग्याची अडचण पाहा. डॉक्टरकडे माणूस जातो तो बोलत जातो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाल्ले, हे सारे तो सांगतो, कित्येकदा विचारल्यापेक्षा जास्तच सांगतो. घोडा काही सांगत नाही. इतकेच नव्हे, तर तो दुखणे लपवितो. कळपात राहणारे हे जनावर आहे. जो लंगडतो त्याच्यावर वाघ पहिली झडप घालतो, हा धडा त्याच्या रक्तात आहे. म्हणूनच अश्ववैद्यक हे आपल्याकडे फार पूर्वीपासून स्वतंत्र शास्त्र झाले. शालिहोत्र हे त्याच्या आद्य आचार्याचे नाव मानतात, आणि त्याच नावावरून घोड्याच्या वैद्याला ‘सलोत्री’ हा शब्द रूढ झाला. जुना सलोत्री घोड्याला सपाटीवरून दुडक्या चालीने नेई आणि डोके केव्हा वर उचलले जाते, टाप कशी पडते, हे पाही. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो, हे ज्ञान आजही पहिल्या इयत्तेचे आहे. पण कोणता पाय दुखतो हे कळले, तरी त्या पायात नेमके काय बिघडले आहे हा प्रश्न उरतोच.

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, आणि १८९६ सालीच युरोपातील पशुवैद्यांनी घोड्याच्या पायाची छायाचित्रे घेतली. मुका रोगी बोलू लागला, असेच त्यांना वाटले असेल. परंतु या नव्या भाषेत एक मोठी उणीव होती. क्ष-किरणांना हाड दिसते, कारण त्यात कॅल्शियम आहे. स्नायू, कंडरा, रक्त आणि सांध्यातील वंगण ही सारी किरणांच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखीच. पाण्यात पाणी कसे दिसावे? पाणवठ्यावरून स्वच्छ पाण्याचा एक ओहोळ दुसऱ्यात मिसळतो तेव्हा तो कोणत्या वाटेने आला हे कोणाला सांगता येत नाही. पण वरच्या ओहोळात कोणी चिमूटभर गुलाल टाकला, तर त्याची वाट लहान मुलालाही दाखविता येते. हा गुलाल म्हणजेच आजचा आमचा विषय. डॉक्टर मंडळी त्याला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. चित्रात जो भाग दबलेला असतो त्याला तो उठाव देतो, म्हणून आम्ही त्याला ‘उठावद्रव्य’ म्हणतो. याहून बरा शब्द कोणी सुचविला तर आनंदाने घेऊ.

क्ष-किरणांना लागणारा गुलाल हा रंगाने ठरत नाही, तो अणूच्या भारदस्तपणाने ठरतो. प्राणवायूचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०, आयोडीनचा ५३ आणि बेरियमचा ५६. क्रमांक जितका मोठा तितके ते द्रव्य किरणांना अधिक अडविते, आणि ही वाढ साध्या प्रमाणात न होता फार झपाट्याने होते. म्हणून थोडेसे आयोडीनही चित्रात ठसठशीत पांढरे उमटते. हे तत्त्व लोकांच्या इतके लवकर ध्यानी आले की राँटगेन यांचा शोध जगाला कळून महिना लोटण्याच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेन्थाल यांनी एका मृताच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू, हिंगूळ आणि पॅराफिन यांचे मिश्रण भरून तिचे चित्र घेतले. हिंगुळात पारा असतो, तेव्हा जिवंत माणसावर हा प्रयोग शक्यच नव्हता. पुढची सगळी वाटचाल एकाच प्रश्नाभोवती झाली: किरणांना अडवील पण देहाला अपाय करणार नाही, असे द्रव्य कोठून आणावे?

पोटासाठी प्रथम बिस्मथ आणि नंतर बेरियम सल्फेट आले. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, परंतु सल्फेट पाण्यात विरघळत नाही. ते आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते. रक्तातून देण्याजोगी, आयोडीन असलेली आणि मूत्रपिंडावाटे निघून जाणारी द्रव्ये १९२९ सालापासून प्रचारात आली. त्यात मोझेस स्विक या तरुण डॉक्टरच्या कामाचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास थोरोट्रास्ट नावाचे एक द्रव्य बाजारात आले. चित्र इतके सुंदर येई आणि रोग्याला तत्काळ त्रास इतका कमी होई की डॉक्टरांनी ते हौसेने वापरले. पण त्यात थोरियम होते. थोरियम किरणोत्सर्गी, आणि देह त्याला बाहेर टाकीत नाही. ते यकृतात घर करून राहते. ज्यांना ते टोचले होते त्यांच्यापैकी कित्येकांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. सुंदर चित्र म्हणजे निर्दोष चित्र नव्हे, हा धडा माणसांनी फार मोठी किंमत देऊन घेतला. आज आयोडीनची जी द्रव्ये आपल्याला सी.टी. स्कॅनच्या वेळी टोचतात, ती गेल्या अर्धशतकातील सुधारणेची फळे आहेत, आणि घोड्यासाठी वापरतात तीही बहुतेक हीच. घोड्यासाठी निराळा कारखाना कोणी काढलेला नाही. माणसाच्या ताटातील घास त्याला मिळतो, इतकेच.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे येऊ. समजा, डोंबिवलीत एक वरात निघाली आहे. मांडव उतरविताना रस्त्यावर पडलेला एक खिळा घोडीच्या टापेत शिरला. मालकाने तो उपटून टाकला, जखमेवर हळद भरली. दुसऱ्या दिवशी भोक बुजलेले, वरून काही दिसत नाही, पण घोडी तीन पायांवर उभी. आता घोड्याची टाप म्हणजे काय, हे ध्यानात घ्या. घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, खरे म्हणजे एकेका नखावर उभा असतो. चारपाचशे किलोंचा देह चार नखांवर तोललेला असतो. त्या नखाच्या आत एक हाड, त्याच्या मागे नावेच्या आकाराचे एक लहान हाड, त्याला नौकास्थी म्हणतात, आणि त्यावरून घसरणारी जाड कंडरा. कंडरा आणि नौकास्थी यांच्यामध्ये वंगणाची एक चिमुकली पिशवी असते. तिच्यात चहाच्या चमच्याएवढाही द्रव मावायचा नाही. टापेच्या तळाशी मधोमध जो मऊ, त्रिकोणी भाग असतो, त्यात सरळ शिरलेला खिळा याच पिशवीपर्यंत पोचू शकतो.

घोडीचा जीव या पिशवीवर अवलंबून आहे. खिळा अलीकडे थांबला असेल तर जखम उघडून पू काढला, पट्टी बांधली की काही दिवसांत घोडी वरातीत नाचेल. पण पिशवीत किंवा शेजारच्या सांध्यात घाण गेली असेल तर मलमपट्टीने काहीही होणार नाही. ताबडतोब, शक्यतो पहिल्या एकदोन दिवसांत, शस्त्रक्रिया करून ती धुवावी लागते. नाहीतर हाड आणि कंडरा नासते व जनावर हातचे जाते. बाहेरून दोन्ही जखमा सारख्याच दिसतात. साध्या छायाचित्रातही सारख्याच, कारण पिशवी, कंडरा, पू हे सर्व पाण्यात पाणी. येथे उठावद्रव्य निर्णय देते. जखमेपासून दूर, स्वच्छ केलेल्या त्वचेतून सांध्यात किंवा पिशवीत सुई घालून थोडे आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात आणि चित्र घेतात. द्रव्य जागच्या जागी राहिले तर वाट बंद आहे. ते झिरपून जखमेकडे आले तर वाट उघडी आहे, आणि आता एक तासही दवडणे बरे नाही. बेरियम मात्र येथे चालत नाही, कारण ते शोषले जात नाही. जेथे सांडेल तेथे कायमचे त्रास देत बसते. कोणते द्रव्य कोठे वापरू नये, हे जाणणे अर्धे शास्त्र आहे.

दुसरे उदाहरण टापेच्या आतल्या दाहाचे. त्याला इंग्रजीत लॅमिनायटिस म्हणतात. दाण्याच्या कोठीवर घोड्याने ताव मारला, किंवा एखादा मोठा जंतुसंसर्ग झाला, किंवा एक पाय जायबंदी झाल्याने सगळा भार दुसऱ्यावर आला, की टापेतील हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुटू लागतात आणि हाड खाली खचते. हाड किती खचले हे साध्या चित्रात दिसते. परंतु रक्त अजून तेथे पोचते आहे की नाही, हे दिसत नाही, आणि घोडा वाचण्याची आशा तर त्यावरच आहे. म्हणून घोड्याला गुंगी देऊन, पाय बधिर करून, वर पट्टा आवळून, टापेच्या शिरेत वीस-तीस घनसेंटिमीटर द्रव्य सोडतात. सगळे काम मिनिटा-दीड मिनिटात उरकावे लागते, कारण द्रव्य लवकरच शिरांतून झिरपू लागते. चित्रात शिरांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे भरलेले दिसले तर नालबंदाला बोलावून टाप घडवावी, नाल बदलावी. जेथे फांद्या नाहीत, नुसते काळे रान आहे, तेथे मालकाला खरे सांगण्याची वेळ आलेली असते.

तिसरे उदाहरण मानेचे. झपाट्याने वाढणाऱ्या तरुण घोड्यांत, विशेषतः शर्यतीच्या जातींत, मणक्यांची नळी अरुंद होऊन मज्जारज्जू दाबला जातो आणि घोडा झिंगल्यासारखा चालतो. हा दाब नेमका कोठे आहे ते पाहण्यासाठी घोड्याला पूर्ण भूल देऊन, कवटीखालच्या जागेतून थोडे पाणी काढून, त्याऐवजी सुमारे पन्नास घनसेंटिमीटर द्रव्य मज्जारज्जूभोवती सोडावे लागते. पांढरी रेघ जेथे चिमटली तेथे दाब. पण हे काम सोपे नाही. शुद्धीवर येताना काही घोड्यांना झटके येतात. शिवाय भूल हीच घोड्याला धोक्याची: निरोगी माणूस भुलेने दगावणे आज अत्यंत दुर्मीळ आहे, तर घोड्यांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरतात. एवढा देह एका कुशीवर तासभर पडला की स्नायू दबतात, आणि जागा होताना तो धडपडून उठतो त्यात हाड मोडते.

म्हणून आमचे म्हणणे असे की उठावद्रव्य हा रोग्याला विचारलेला प्रश्न आहे, आणि प्रश्न विचारण्यापूर्वी उत्तराचे काय करणार हे ठरलेले असले पाहिजे. उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर सुई बाहेरच ठेवावी. मालकाला शस्त्रक्रिया परवडणारच नसेल, तर जनावराला भुलेच्या धोक्यात घालून आपले कुतूहल शमविण्याचा अधिकार आपल्याला नाही. माणूस संमती देऊ शकतो. घोडा देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याचे ओझे दुप्पट होते.

आणि येथेच या विषयातील खरा काटा आहे. परवडणे हा शब्द आम्ही वापरला. महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्या घोड्याला क्ष-किरण यंत्र, तज्ज्ञ, औषध सगळे हाकेच्या अंतरावर आहे, आणि ते असावे यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. परंतु माथेरानच्या घाटात पाय मुरगळलेला घोडा आणि डोंबिवलीत खिळा लागलेली घोडी यांचे शरीर तेच, दुखणे तेच, टापेतली पिशवीही तेवढीच चिमुकली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय परळला १८८६ पासून आहे. तेथवर घोडी न्यायची तर टेम्पो लागतो, दिवसाची मजुरी बुडते, आणि नेईपर्यंत ते पहिले एकदोन दिवस निघून जातात. ज्याचे पोट घोड्यावर आहे त्यालाच घोड्याचे दुखणे परवडत नाही!

कोणी म्हणेल, माणसांना औषध मिळत नाही तेथे घोड्यांची काय कथा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मुरबाड-शहापूरच्या शेतात पावसाळ्यात कोणाला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले, तर दवाखान्यात जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा देत जातात. त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते, आणि ते आपल्या कामी येते. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान् पिढ्या केले. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपालन केंद्रातील निवृत्त घोडेही या कामी हाफकिनला जात, आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे घोड्याने आपल्या रक्ताने आपले ऋण करून ठेवले आहे. त्याच्या टापेसाठी चमचाभर द्रव्य आणि एक छायाचित्र, एवढी फेड फार नाही.

ही फेड करणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. हातात उचलून नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रे निघाली आहेत. चित्र जागेवरच पडद्यावर दिसते आणि क्षणात दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही महानगरे झाली आहेत. दर लग्नसराईत जी घोडी आपल्या मुलांना मिरविते, तिच्यासाठी एक फिरते यंत्र आणि ते चालविणारा एक शिकलेला पशुवैद्य या पट्ट्यात असावा, अशी मागणी येथील नागरिकांनी केली तर ती अवाजवी ठरणार नाही. घोडी ठरविताना तिला धनुर्वाताची लस टोचली आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. कारण धनुर्वात घोड्याला माणसापेक्षा लवकर गाठतो.

घोडेवाल्या बांधवांना एक सांगणे. टापेत खिळा दिसला तर घाईने उपटू नका. जनावर चालवू नका; टापेला लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या, म्हणजे खिळा जमिनीला टेकणार नाही, आणि डॉक्टरला बोलवा. खिळा आत असताना घेतलेले साधे चित्रही तो कोठवर गेला ते सांगते. डॉक्टर येणे शक्यच नसेल आणि खिळा काढणे भाग पडले, तर आधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो घ्या, भोकाच्या जागी खूण करा आणि तो खिळा जपून ठेवा. तो किती लांब गेला होता, कोणत्या दिशेने गेला होता, हे डॉक्टरला पुढे कोणी सांगणार नाही. घोडी तर सांगणार नाहीच.